कॉलनीच्या ओपन स्पेसचा कृती आराखडा: मांडणी कशी करावी?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. आमची कॉलनी नाशिकच्या इंदिरानगर ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात आहे. बंगले, रो-हाउस आणि दोन छोट्या अपार्टमेंट मिळून ९६ घरं. मधोमध ४० बाय ५० मीटरचा ओपन स्पेस. तीन बाजूंना कंपाउंड, चौथी बाजू रस्त्याला उघडी. आत गाजरगवत, एका कोपऱ्यात डेब्रिजचा ढीग, आणि पूर्वेच्या अंगाला पावसाळाभर पाणी साचलेलं. जमीन काळी. एक जुना बोअर आहे, पंप नाही.

दिवाळीनंतर बैठक झाली. जॉगिंग ट्रॅक, ग्रीन जिम, बॅडमिंटन कोर्ट, ज्येष्ठांसाठी शेड, मंदिर, पार्किंग, सगळं एकाच जागेत हवंय. शेवटी ठरलं की आधी ॲक्शन प्लॅन करायचा, आणि तो माझ्या गळ्यात पडला. नमुने पुष्कळ पाहिले. ध्येय, उद्दिष्टं, भागधारक असे रकाने भरून झाले, पण त्यातून सोमवारी सकाळी कोणी काय करायचं ते काही कळत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी निदान ट्रॅक आणि झाडं व्हावीत अशी इच्छा आहे. सुरुवात कुठून करायची, कागदावर काय काय यायला हवं, आणि महापालिकेकडून काय मागायचं नि आपण काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.

---

सातबारा_आधी

ट्रॅक राहू द्या बाजूला. जागा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आराखड्यातली पहिली पाच-सहा कामं कागदपत्रांचीच निघणार.

तीन कागद काढा. मंजूर अंतिम ले-आउटची प्रत नगररचना विभागाकडून, शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनातून. ओपन स्पेसचा चालू सातबारा. आणि जागा महापालिकेकडे सोपवल्याची ताबा पावती किंवा करारनामा. मनपाच्या मिळकत विभागातही एक चक्कर मारा, त्यांच्या यादीत ही जागा आहे का ते तिथे कळेल.

सातबारा मनपाच्या नावे असेल तर रस्ता मोकळा. उद्यान विभाग आणि बांधकाम विभागाकडे मागणी करायची. ताबा दिलाय पण नाव चढलेलं नाही, असंही असतं. मग फेरफार करून घ्यावा लागतो, तो पाठपुरावा आराखड्यात वेगळी ओळ म्हणून धरा. तिसरी शक्यता त्रासाची: जागा अजून विकासकाच्या किंवा मूळ शेतकऱ्याच्याच नावावर. अशा जागेवर मनपाचा निधी पडत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप येतो. हस्तांतरण होईपर्यंत पक्कं बांधकाम अजिबात करू नका. साफसफाई, सपाटीकरण, झाडं एवढंच, आणि तेही नावावर असलेल्याची लेखी संमती घेऊन.

तोंडी विचारून कागद मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "का दिलं नाही", "कधी करणार" असले प्रश्न घालू नका. त्या कायद्यात दप्तरी असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. सरळ लिहा: "मौजे अमुक, सर्व्हे नं. अमुक मधील मंजूर अंतिम अभिन्यासाची (ले-आउटची) मंजुरी पत्रासह साक्षांकित प्रत द्यावी." एवढंच.

मंदिराच्या मागणीबद्दल: ले-आउटमधली ही जागा करमणुकीसाठी राखलेली असते. शिवाय २९ सप्टेंबर २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम उभं राहू देता येत नाही. हे बैठकीत वाद म्हणून मांडू नका, माहिती म्हणून सांगा. बहुतेक वेळा तेवढ्यावर विषय मिटतो.

---

आखणी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण कागद येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. दोन कामं त्याच काळात होतात: जागेची पाहणी आणि घरोघरची विचारपूस.

विचारपुशीत "काय हवं" हे विचारू नका. लोक वस्तूंची यादी देतात. तुमच्या बैठकीत तेच झालं. वापर विचारा. घरात कोणकोण आहे, सकाळ-संध्याकाळ किती वाजता बाहेर पडता, सध्या चालायला-खेळायला कुठे जाता, आणि या जागेत काय नको. चौथ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात कामाची असतात. खिडकीसमोर बाक नको, रात्री दहानंतर टोळकं नको, बॉलने काचा फुटायला नकोत, डास नकोत. आराखड्यातल्या निम्म्या जागा या उत्तरांवर ठरतात. चार जोड्या केल्या तर जोडीला २४ घरं येतात. घरी दहा मिनिटं धरली तर चार तास, म्हणजे दोन संध्याकाळी. प्रत्येक जोडीत एक बाई असू द्या, नाहीतर उत्तरं फक्त दिवाणखान्यात बसलेल्या पुरुषांची येतात. भाडेकरूंना वगळू नका, संध्याकाळी मुलं त्यांचीच जास्त खेळतात.

मग प्राधान्य. कार्डशीटवर जागेचा नकाशा काढा, बाजूला आठ-नऊ पर्याय लिहा, आणि घरटी तीन टिकल्या द्या. हो, कपाळाच्याच. पाकीट स्वस्त मिळतं, चिकटतात चांगल्या, आणि हात वर करण्यापेक्षा लोक मोकळेपणाने लावतात. माणशी नाही, घरटी. एका पर्यायावर एकच टिकली. तक्ता दोन दिवस गेटपाशी ठेवा आणि फोटो ग्रुपवर टाका. ज्यावर थोड्याच टिकल्या पडल्या ते "दुसरा टप्पा". रद्द म्हटलं की माणूस दुखावतो आणि पुढच्या श्रमदानाला येत नाही.

आता मुख्य कागद. सात रकाने पुरतात: क्रमांक, काम, परिमाण, जबाबदार व्यक्ती, मुदत, कशावर अवलंबून, झाल्याचा पुरावा. एक ओळ भरून दाखवतो:

"९. पूर्व कोपऱ्यातील पाणी साचण्याची पातळी मोजणे | साचणाऱ्या जागेचा तळ, रस्त्याकडील पावसाळी चेंबरचा तळ, मधले चार बिंदू | (एक नाव) | २० डिसेंबर | ओळ ४, गवत काढणे | नकाशावर सहा आकडे आणि मोजताना काढलेले फोटो."

जबाबदार या रकान्यात "समिती" किंवा "सर्व सभासद" लिहिलंत की ते काम कोणाचंच नसतं. नाव एकच, मदतीला हवे तेवढे. आणि कुठलीही ओळ पंधरा दिवसांत संपेल एवढीच ठेवा, मोठी असेल तर फोडा. "मनपाची परवानगी घेणे" ही ओळ नव्हेच. तिच्या पाच ओळी होतात: अर्जाचा मसुदा, अर्ज देऊन आवक क्रमांक घेणे, अधिकाऱ्यांची स्थळपाहणी, स्मरणपत्र, लेखी पत्र हातात येणे. आवक क्रमांक नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजून चाला.

वेळापत्रक मागून पुढे लिहा. नाशिकला पाऊस जूनच्या मध्यावर धरतो, तेव्हा झाडं जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागायला हवीत. काळी जमीन एकदा भिजली की आत मुरमाचा ट्रक येत नाही, रुतून बसतो. म्हणजे भराव आणि ट्रॅकचा पाया मेअखेर. त्याआधी सपाटीकरण, त्याआधी डेब्रिज उचलणं, आणि या सगळ्याआधी, फेब्रुवारीअखेर, लेखी परवानगी हातात. मनपाचा पैसा हवा असेल तर मागणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जायला हवी. अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत स्थायी समितीकडे जातं, मार्चमध्ये मागायला गेलात तर वर्ष गेलं. आचारसंहिता लागली की नव्या कामाचा आदेश निघत नाही, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे अभियंते आणि ठेकेदार दोन्ही अडकलेले असतात. प्रत्येक सरकारी ओळीला तुमच्या अंदाजाच्या दुप्पट दिवस द्या.

---

साइट_लेव्हल

काळी जमीन म्हणालात म्हणून लिहितो, कारण पेव्हरचे (सिमेंटच्या ब्लॉकचे) ट्रॅक तिथेच फसतात. ही माती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये भेगाळते. थेट तिच्यावर ब्लॉक बसवले तर दुसऱ्या वर्षी ट्रॅक लाटांसारखा होतो, मग म्हातारी माणसं ठेचकाळतात आणि सगळे रस्त्यावर चालायला लागतात.

कंपाउंडपासून तीन मीटर आत ट्रॅकची मध्यरेषा आखली तर ती ४४ बाय ३४ होते, लांबी १५६ मीटर. रुंदी दीड मीटर घ्या, दोन माणसं शेजारून जातात. क्षेत्रफळ २३४ चौरस मीटर. माती ३५ सेंटिमीटर खोल काढायची. खाली ३० सेंटिमीटर मुरूम, त्यावर चार सेंटिमीटर कच (बारीक दगडचुरा), त्यावर ६० मिलिमीटरचा ब्लॉक. म्हणजे ट्रॅक जमिनीपेक्षा पाच सेंटिमीटर वर राहतो. ८० मिलिमीटरचा ब्लॉक गाड्यांसाठी असतो, तो माथी मारून घेऊ नका.

मुरूम दाबून ७० घनमीटर बसतो. सैल माल तीस टक्के जास्त धरा, ९१ घनमीटर, म्हणजे ३२ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर). कच सव्वातीन ते साडेतीन ब्रास. दोन्ही कडांना मिळून ३१२ मीटर कर्ब (काठाला बसवायचे सिमेंटचे ठोकळे) लागेल. ३० सेंटिमीटरचा नग घेतला तर हजारावर नग होतात, आणि ही ओळ अंदाजपत्रकात हमखास राहून जाते. मुरूम पुरवणाऱ्याकडून रॉयल्टीची पावती मागून घ्या. ती नसलेला माल गौण खनिजाच्या तपासणीत अडकला तर दंड आणि खोळंबा दोन्ही.

मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून. तीस सेंटिमीटर एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग सैल राहतो आणि पहिल्या पावसात बसतो. आधी कर्ब, मग ब्लॉक. उलट केलं की कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात. ट्रॅकला बाहेरच्या बाजूला ५० ला १ उतार, म्हणजे दीड मीटरला तीन सेंटिमीटर.

खणलेली काळी माती फेकू नका. फुगल्यावर ती ३५ ते ४० ब्रास भरेल, बाहेर न्यायचं भाडंही लागेल आणि झाडांना तीच हवी असते. ती कुठे रचायची ते नकाशावर आधीच दाखवा.

पाण्याच्या कोपऱ्यासाठी लेव्हल ट्यूब वापरा. गवंड्याकडे असते ती पारदर्शक नळी. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक साचणाऱ्या जागेतल्या काठीला आणि दुसरं चेंबरपाशी धरा. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं, तिथून दोन्हीकडे तळापर्यंत मापून घ्या. चेंबरचा तळ वर निघाला तर कितीही चर खणा, पाणी जाणार नाही. मग भराव किंवा शोषखड्डा. शोषखड्डाही काळ्या मातीत जिरत नाही, खालचा मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. आधी हातभर खड्डा खणून पाणी भरा, एकदा जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते बघा. सकाळी भरलेलं संध्याकाळी तसंच दिसलं तर अजून खाली जा. आणि हे पाणी मैल्याच्या ड्रेनेज चेंबरला जोडू नका. जोरदार पावसात तेच पाणी सखल घरांच्या संडासातून वर येतं.

---

इंदिरानगरकर

तिघांचेही आभार, प्रिंट काढून ठेवली. सातबारा ऑनलाइन पाहिला: नाव अजून विकासकाचंच आहे. ताबा पावती मनपाकडे आहे असं एका जुन्या रहिवाशांचं म्हणणं आहे, कागद कोणी पाहिलेला नाही.

टिकल्यांची कल्पना घरी सगळ्यांना आवडली. पैशाचं कोडं मात्र सुटत नाही. काहींचं म्हणणं, घरटी पाच हजार काढू आणि एकदाचं करून टाकू. झाडं कुठली लावावीत हेही सांगा. उत्तर बाजूने विजेची तार गेली आहे.

---

सातबारा_आधी

कागद कोणी पाहिलेला नाही, म्हणजे तो तुमच्यासाठी नाही. आराखड्याचे दोन रस्ते करा. ताबा पावती निघाली तर क, नाही निघाली तर ख. क मध्ये नाव चढवणं आणि मनपाचं काम, ख मध्ये हस्तांतरणाचा पाठपुरावा आणि तोवर फक्त कच्ची कामं. ३१ जानेवारी ही निर्णयाची तारीख लिहून टाका. त्या दिवशी जो रस्ता हातात असेल त्यावरच पुढच्या ओळी चालतील. विकासक हयात आहे, गाठ पडते, तर हस्तांतरणाचा मसुदा वकिलाकडून करून घेऊन एकदाच सह्या घ्या. वारसांपर्यंत गेलं तर वर्षं जातात.

---

हिशेब_चोख

घरटी पाच हजार काढू नका, निदान आत्ता नाही. जागा तुमच्या नावावर नाही, मनपाच्याही नाही, आणि ९६ घरांचे पावणेपाच लाखांच्या वर पैसे कोणाच्या तरी खात्यावर. पहिला वाद तिथेच होतो. माझं मत: पक्कं काम मनपाच्या किंवा लोकप्रतिनिधींच्या निधीतून, आणि वर्गणी देखभालीला. बांधायला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, पाटी लागते ना. माळ्याचा पगार कोणी देत नाही.

देखभालीचं गणित आराखड्याच्या पहिल्या पानावर हवं. महिना १०० रुपये धरले तर ९६०० येतील. सगळे देत नाहीत, सत्तर टक्के धरा: ६७००. त्यात अर्धवेळ माळी, पंपाचं वीजबिल, खत, पाइप-खराटे बसले तरच पुढचं. बसत नसेल तर ट्रॅक छोटा करा, लॉन काढून टाका. लॉन पाणी, कटिंग आणि मजुरी तिन्ही खातं, आणि मे महिन्यात तरी पिवळंच.

संस्था कुठली? कॉलनी मंडळ नोंदवायचं तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी. हे काही महिन्यांचं काम आहे, म्हणून आजच सुरू करा. नोंदणी नसताना पावतीपुस्तक छापून बाहेर वर्गणी मागू नका. खातं मंडळाच्या नावाचं, दोघांच्या सहीचं. क्यूआर कोड खजिनदाराच्या खासगी खात्याचा असेल तर तो माणूस कितीही प्रामाणिक असो, वर्षाअखेर त्याचीच मान अडकते.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडे सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) मागायचा विचार असेल तर त्यांना सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) असलेली संस्थाच चालते. नवख्या मंडळाला थेट पैसा मिळणं अवघड. त्यांच्याकडून वस्तू मागा: ट्री गार्ड, पाण्याची टाकी, बाक. त्याला मंजुरी लवकर मिळते.

अंदाजपत्रक करताना सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीचा बाबनिहाय दर, गुणिले वर दिलेली परिमाणं, वर जीएसटी, वर दहा टक्के अनपेक्षित. ठोक रकमेचं कोटेशन घेऊ नका. "ट्रॅक संपूर्ण, इतके लाख" असं लिहून देणारा मुरमाचा थर १५ सेंटिमीटरवर आणतो आणि ते ब्लॉक उखडल्याशिवाय कळत नाही.

---

देशी_रोपं

उत्तरेच्या तारेखाली उंच झाड लावूच नका. महावितरणवाले दर वर्षी मधूनच छाटतात, झाड इंग्रजी व्ही होतं आणि वादळात फाटतं. तिथे कण्हेर, तगर, अनंत, अडुळसा यांसारखी झुडपं. बाकीच्या तीन बाजूंना कंपाउंड आणि ट्रॅक यांच्यात सव्वादोन मीटरचा पट्टा उरतो. एवढ्यात वड-पिंपळ बसत नाहीत, भिंत आणि ब्लॉक दोन्ही उचलतील. बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ पाच-पाच मीटरवर. कोपऱ्यांत जागा जास्त असते, तिथे कडुनिंब आणि करंज. ओल्या पूर्व कोपऱ्यात अर्जुन किंवा कदंब, त्यांना पाणी मानवतं, फक्त भिंतीपासून लांब घ्या. सप्तपर्णी, निलगिरी, सुबाभूळ, कोनोकार्पस कोणी फुकट दिले तरी नको म्हणा.

गुलमोहराचा आग्रह होईल. फांदी ठिसूळ, मुळं उथळ, पावसाळी वाऱ्यात पडतो. मुलं खेळतात तिथे नकोच.

तीन बाजू मिळून १३० मीटर धरले तर २५ झाडं. खड्डा ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, खाली मुरूम लागला तर ९० करा. खड्डे मे महिन्यातच काढून उन्हात तापू द्या. भरताना माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, मूठभर निंबोळी पेंड. शेणखत ताजं असेल तर वाळवी लागते आणि मुळं भाजतात. रोप किमान पाच-सहा फुटांचं घ्या, छोटी रोपं गाजरगवतात हरवतात आणि शेळ्या उरलेलं बघतात. पिशवी कापून काढायची, ही गोष्ट श्रमदानात दर वेळी सांगावी लागते.

पाणी: पहिल्या उन्हाळ्यात झाडाला २० लिटर, आठवड्यातून तीनदा. २५ झाडांना आठवड्याला १५०० लिटर. पाच हजारांची टाकी भरली की तीन आठवडे निघतात. बोअरमध्ये पंप टाकण्याआधी मे महिन्यात पाण्याची पातळी बघा. डिसेंबरला पाणी लागलं म्हणून पंप घ्याल आणि एप्रिलमध्ये तो हवा ओढेल. पिण्याच्या लाइनवर झाडं जगवायची नाहीत. तपोवन किंवा आगर टाकळीच्या मलनिस्सारण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने मिळेल का, हे उद्यान विभागाला त्याच अर्जात विचारा.

जुनं झाड मध्ये येत असेल तर फांदीसुद्धा परस्पर तोडू नका. १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते.

आणि साइट_लेव्हल यांना एक विचारतो, ब्लॉक हवेतच कशाला? २३४ चौरस मीटर झाकलं की तेवढं पाणी कडेला लोटणार, त्यात पूर्व कोपरा आधीच तुंबलेला. दाबलेल्या मुरमाचा ट्रॅक करा. गुडघ्यांना बरा, पैसे निम्म्याहून कमी.

---

साइट_लेव्हल

मुद्दा रास्त आहे. पाया तोच, ३० सेंटिमीटर मुरूम आणि कर्ब, फक्त वरचा थर बारीक मुरमाचा. पण दर ऑक्टोबरला दोन-तीन सेंटिमीटर नवा थर आणि रोलर लागेल, आणि पावसाळ्यात पाय घसरतो. ती ओळ देखभालीत कायमची धरायची तयारी असेल तर मुरमाचाच करा. इंदिरानगरकरांच्या बाबतीत तसंही सातबारा नावावर येईपर्यंत पक्कं करता येत नाही. यंदा मुरूम, पुढे हस्तांतरण झालं की त्याच पायावर ब्लॉक. पाया वाया जात नाही. फक्त मुरूम आत्ताच वरपर्यंत भरू नका, ब्लॉक आणि कच मिळून दहा सेंटिमीटरची जागा कर्बच्या आत शिल्लक ठेवा, नाहीतर पुढे सगळं पुन्हा खणाल.

---

देशी_रोपं

मग त्या दहा सेंटिमीटरात पावसाचं तळं होईल की. कर्बमध्ये दर तीन मीटरवर हातभर खाच सोडा, बाहेरच्या बाजूला, झाडांच्या आळ्यांकडे. पाणी झाडांना जाईल.

---

साइट_लेव्हल

चालेल. बाहेरच्या ओळीत दर दहावा नग बसवायचाच नाही, म्हणजे वेगळं कापावं लागणार नाही. नगही पन्नासेक वाचतात.

---

इंदिरानगरकर

ठरलं, मुरमाचा ट्रॅक. आता शेवटचं: गणपती. दर वर्षी मांडव याच जागेत पडतो आणि मंडळाचे लोक खांबांना खड्डे खणतात. नवीन ट्रॅकवर खणले तर भांडणं होतील.

---

आखणी

मंडळाला आत्ताच बैठकीला बोलवा, ऑगस्टमध्ये नाही. मांडवाची जागा नकाशावर कायमची आखून टाका, ट्रॅकच्या आत, मध्यभागी, रस्त्याच्या उघड्या बाजूकडे तोंड करून. मांडव किती बाय किती लागतो, खांब किती अंतरावर, बांबू की लोखंडी पाइप, हे मांडववाल्यालाच विचारून लिहून घ्या. त्या मापाने जमिनीत जीआय पाइपच्या नळ्या काँक्रीटमध्ये बसवा, खोली दोन फूट, आतला व्यास खांबापेक्षा थोडा मोठा, तोंड जमिनीच्या पातळीत, वर झाकण. खाली वाळू-खडीचा थर ठेवा, नाहीतर नळीत पाणी साठून डास होतात. झाकण साखळीने बांधा, एरवी पहिल्याच महिन्यात गायब होतं. सामानाचा टेम्पो ट्रॅक ओलांडतो ती एकच जागा ठरवा, तिथे तीन मीटर रुंदीचा पट्टा काँक्रीटचा धरा आणि दोन्ही बाजूंना दगड लावून बाकी वाट बंद. काँक्रीट अर्थात हस्तांतरण झाल्यावरच, पण आखणीची ही ओळ ट्रॅकच्या आधी, मार्चमध्ये, आणि जबाबदार म्हणून मंडळाच्याच एकाचं नाव टाका.

आणखी एक, मांडवासाठी वीज कुठून घेतात? शेजारच्या बंगल्यातून ओढत असतील तर तेही याच बैठकीत काढा. तात्पुरत्या मीटरसाठी महावितरणकडे अर्ज मंडळाच्या नावाने जातो, त्याची तारीखही वेळापत्रकात घाला.